माफ केलेला कर आणि कामगाराचे घर

चिंचवडच्या मोरया गोसावींच्या मंदिरापासून पुढे येऊन पवना नदीचा पूल ओलांडला, की पलीकडच्या तीरावर थेरगाव लागते. पन्नास वर्षांपूर्वी ही शेतकऱ्यांची वस्ती होती. आज तेथील डांगे चौकातून एक रस्ता हिंजवडीच्या संगणक कंपन्यांकडे जातो, तर दुसरा पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांकडे. या दोन्ही रस्त्यांनी सकाळी कामावर निघणारी आणि रात्री परतणारी हजारो माणसे थेरगावात बिऱ्हाड करून आहेत. त्यांत कंत्राटी कामगार आहेत, वाहनचालक आहेत, रखवालदार आहेत, रुग्णालयांतील सेवक आहेत. या माणसांना परवडेल असे घर कोणी बांधावे, व त्याला लागणारा पैसा कोठून यावा, हा प्रश्न आज केवळ थेरगावचा राहिलेला नाही. परंतु थेरगावाच्या उदाहरणाने तो फार चांगला समजतो. म्हणून, श्रोतेहो, आजच्या भाषणात मी घरांसाठी सरकार देत असलेल्या एका मदतीची चर्चा करणार आहे. ती मदत नजरेस पडत नाही, कारण तिच्यासाठी तिजोरीतून एक पैसाही बाहेर काढावा लागत नाही. ती मदत म्हणजे माफ केलेला कर.

प्रथम अडचण किती मोठी आहे ते हिशेबाने पाहू. समजा, एका कामगाराला दरमहा २०,००० रुपये मिळतात. पोट, मुलांचे शिक्षण, औषधपाणी व गावी पाठवायचे पैसे वजा जाता त्याला घरासाठी फार तर ६,००० रुपये काढता येतील. वीस वर्षांच्या मुदतीने व शेकडा ९ व्याजाने कर्ज घेतल्यास दर लाखामागे महिन्याला सुमारे ९०० रुपये हप्ता पडतो. म्हणजे ६,००० रुपयांत त्याला पावणेसात लाखांपेक्षा अधिक कर्ज झेपणार नाही. त्यात त्याची लाखभर रुपयांची शिल्लक मिळविली, तरी पावणेआठ लाखांच्या आत त्याची मजल संपते. घराची किंमत जर २० लाख धरली, तर उरलेल्या बारा लाखांची दरी कोणी तरी भरून काढल्यावाचून ते घर त्याचे होऊ शकत नाही. हा आकडा उदाहरणादाखल घेतलेला आहे. किंमत कमीअधिक धरली तर दरी कमीअधिक होईल, पण नाहीशी होणार नाही.

ही दरी भरण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. सरकारने तिजोरीतून रोख अनुदान द्यावे, हा पहिला. सरकारने जमीन किंवा बांधकामाचा जादा हक्क स्वस्तात द्यावा, हा दुसरा. आणि घर बांधणाऱ्याकडून अथवा घेणाऱ्याकडून जो कर यावयाचा तो सोडून द्यावा, हा तिसरा. परिणामाच्या दृष्टीने पाहता तिन्ही खर्चच होत. तथापि अनुदानाची रक्कम अंदाजपत्रकात लिहिली जाते, तिच्यावर विधिमंडळात वाद होतो, आणि पुढे तिचा जमाखर्च तपासला जातो. सोडलेला कर असा डोळ्यांसमोर येत नाही. याच कारणाने केंद्र सरकारने २००६-०७ पासून अंदाजपत्रकाबरोबर अशा सोडलेल्या महसुलाचे एक विवरण जोडण्यास सुरुवात केली. ते विवरण वाचणारे लोक थोडे, हे मात्र खरे.

कराचा आणि कामगारांच्या घरांचा संबंध आपल्याकडे नवा नाही. १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत मुंबईत विकास खाते निघाले. गिरणी कामगारांसाठी एका खोलीची ५०,००० बिऱ्हाडे बांधावयाची, असा त्याचा संकल्प होता. व त्यासाठी काढलेल्या कर्जाला आधार म्हणून मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे १ रुपया कर बसविण्यात आला. ज्या मालावर गिरण्या चालतात त्याच मालाने गिरणी कामगाराला घर द्यावे, ही कल्पना न्याय्य होती. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी, म्हणजे सुमारे १६,००० खोल्या, उभ्या राहिल्या. त्यांनाच आपण बीडीडी चाळी म्हणतो. पण बांधकामाचा खर्च फुगल्यामुळे भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेर गेले, आणि आरंभीच्या काळात पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. यावरून एक धडा घ्यावयाचा तो असा, की घरासाठी पैसा उभा करणे हे अर्धे काम होय. तो पैसा भाड्याच्या किंवा किमतीच्या रूपाने शेवटी कोणाच्या पदरात पडतो, हे पाहणे हे उरलेले अर्धे.

आता पिंपरी-चिंचवडकडे वळू. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, व त्याबरोबर त्याच्या कामगारांची वसाहतही वसली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढील दहा वर्षांत या भागात मोठमोठे कारखाने आले. कारखाने येणार तर माणसे येणार, हे ओळखून सरकारने १४ मार्च १९७२ रोजी पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापिले. जमिनी एकत्र संपादन कराव्या, त्यांत रस्ते, पाणी, शाळा यांची सोय करून पेठा वसवाव्या, आणि कामगारांना वाजवी दरात घरे व भूखंड द्यावे, हा त्याचा हेतू. थेरगाव, काळेवाडी, रहाटणी, वाल्हेकरवाडी या गावांची काही जमीन त्यासाठी राखून ठेवण्यात आली.

हेतू उत्तम होता, पण गती मंद होती. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख १७ हजार होती. ती २००१ साली १० लाखांवर गेली, व २०११ साली १७ लाख २७ हजारांच्या घरात पोहोचली. माणसे अशी झपाट्याने वाढत असता पेठा मात्र एकेक करून वसत होत्या. इकडे जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा प्रश्न चाळीस वर्षांहून अधिक काळ रेंगाळला. ज्याला आपली जमीन आज ना उद्या जाणार असे वाटत होते, त्याने तिचे अर्ध्या-एका गुंठ्याचे तुकडे पाडून ते विकले. आणि ज्याला अधिकृत घर मिळण्याची आशा नव्हती, त्या कामगाराने ते साध्या कागदावर विकत घेऊन वर चार भिंती उभ्या केल्या. थेरगाव व त्याच्या आसपासची दाट वस्ती पुष्कळशी अशी जन्मास आली. ती कायद्याच्या दृष्टीने अनधिकृत होती. पण कामगाराला परवडणारे घर जर कोठे खरोखर बांधले गेले असेल, तर ते तेथे, आणि तेही कोणाच्या अनुदानाशिवाय.

या घरांना कराची माफी तर राहोच, उलट दंडाचा कर लागला. महानगरपालिका अधिनियमात कलम २६७ अ दाखल होऊन ४ जानेवारी २००८ पासून अनधिकृत बांधकामांवर मालमत्ताकराच्या दुप्पट शास्ती बसू लागली. हाच शास्तीकर. ज्याचा वार्षिक कर ३,००० रुपये, त्याच्यावर शास्ती ६,००० रुपये, म्हणजे एकूण बोजा ९,००० रुपये. मालक स्वतः राहत असेल तर त्याने थकबाकी वाढू दिली. खोल्या भाड्याने देत असेल तर जमेल तेवढा भार भाडोत्र्यावर टाकला. पुष्कळांनी शास्ती भरता येत नाही म्हणून मूळ करही भरण्याचे सोडले. २०१७ साली ६०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना माफी मिळाली, २०१९ साली ती मर्यादा १,००० चौरस फुटांवर गेली, आणि मार्च २०२३ मध्ये मूळ कर भरणाऱ्यांना शास्ती पूर्णपणे माफ करण्याचा शासननिर्णय निघाला. शास्ती गेली, पण तेवढ्याने बांधकाम अधिकृत झाले नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ सालचा. त्याची मुदत २०२१ साली वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला तो लागू करण्यात आला. तथापि ज्या घराखालची जमीन एखाद्या आरक्षणात किंवा नियोजित रस्त्यात आहे, त्याला या दाराने आत जाता येत नाही. २०१७ साली तीस मीटर रुंदीच्या रिंगरोडच्या आखणीविरुद्ध थेरगाव, काळेवाडी, रहाटणी या भागांतील लोक रस्त्यावर उतरले, ते याच भीतीने.

ज्या काळात गुंठ्यावरच्या घरावर दुप्पट शास्ती चढत होती, त्याच काळात अधिकृत गृहप्रकल्पांना प्राप्तिकर माफ होता. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ८०-आयबी, पोटकलम १० या नावाने एक सवलत होती. किमान एक एकर भूखंडावर गृहप्रकल्प बांधावा. दिल्ली व मुंबई या शहरांत आणि त्यांच्या हद्दीपासून २५ किलोमीटरांच्या आत प्रत्येक घर १,००० चौरस फुटांपेक्षा, व अन्यत्र १,५०० चौरस फुटांपेक्षा मोठे नसावे. आणि प्रकल्पास ३१ मार्च २००८ पूर्वी मंजुरी मिळालेली असावी. एवढ्या अटी पाळल्या की बांधणाऱ्याचा त्या प्रकल्पातील संपूर्ण नफा करमुक्त. पुणे व पिंपरी-चिंचवड या 'अन्यत्र'मध्ये मोडत. आता विचार करा, की १,५०० चौरस फुटांचे घर कोणता कामगार घेणार? या कलमात घराच्या किमतीला मर्यादा नव्हती, व घेणाऱ्याच्या उत्पन्नाची विचारणाही नव्हती. घर लहान असले म्हणजे ते गरिबाकडे जाईल, असे गृहीत धरलेले होते. आणि लहान या शब्दाची व्याप्तीही अशी मोठी होती.

या सवलतीवरून पुष्कळ वाद झाले. त्यांतील एक महत्त्वाचा वाद पुण्यातलाच आहे. ब्रह्मा असोसिएट्स यांच्या प्रकल्पात घरांबरोबर दुकानेही होती. म्हणून तो गृहप्रकल्प नव्हेच, असे प्राप्तिकर खात्याचे म्हणणे. २०११ साली मुंबई उच्च न्यायालयाने असे ठरविले, की स्थानिक संस्थेने जो प्रकल्प गृहप्रकल्प म्हणून मंजूर केला आहे, त्यात नियमाने परवानगी असलेली दुकाने असली तरी, १ एप्रिल २००५ पूर्वीच्या कायद्याप्रमाणे सवलत मिळालीच पाहिजे. निकाल कायद्याच्या शब्दांस धरून होता. पण वादाचा विषय पाहा. दुकाने किती, भूखंड केवढा, मंजुरी कोणत्या तारखेची, यांचा कीस पडला; घरात राहावयास कोण आले, हा प्रश्न कोणाला विचारण्याचे कारणच पडले नाही, कारण कायद्याने तो विचारलेलाच नव्हता.

पुढे २०१६ साली कलम ८०-आयबीए आले. १ जून २०१६ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेल्या परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पांना त्याचा लाभ होता. यात क्षेत्राची मर्यादा बरीच खाली आली: चार महानगरांत ३० चौरस मीटर, अन्यत्र ६० चौरस मीटर. १ सप्टेंबर २०१९ नंतर मंजूर प्रकल्पांसाठी मर्यादा वाढवून पुण्यासारख्या शहरांत ९० चौरस मीटर करण्यात आली, आणि त्याबरोबर घराची किंमत ४५ लाखांपेक्षा अधिक नसावी अशी अट प्रथमच घातली गेली. १ एप्रिल २०१९ पासून वस्तू व सेवा कराचीही अशीच विभागणी झाली. याच मर्यादेत बसणाऱ्या बांधकामाधीन घरावर शेकडा १, आणि इतर घरांवर शेकडा ५. चाळीस लाखांच्या घराला कर ४०,००० रुपये, तर पन्नास लाखांच्या घराला अडीच लाख. मध्यमवर्गीय कुटुंबाला हा फरक थोडा नव्हे.

आता एक साधा हिशेब करून पाहू. समजा, शंभर घरांच्या प्रकल्पात बांधणाऱ्याला ५ कोटी रुपये नफा झाला. शेकडा ३० प्रमाणे त्याचा कर दीड कोटी. तो माफ केला म्हणजे दर घरामागे दीड लाख रुपये सरकारने सोडले. किमान पर्यायी करामुळे यातील काही भाग सरकारला तेव्हाच मिळतो, पण हिशेबाची दिशा तीच राहते. दुसरीकडे, प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकांच्या भागीदारी प्रकल्पातील घराला केंद्र सरकारचे रोख अनुदान दर घरामागे दीड लाख रुपयेच होते. म्हणजे माझ्या उदाहरणात रक्कम एकच; परंतु एका प्रकारात ती नाव-गाव माहीत असलेल्या कुटुंबाच्या घराच्या किमतीतून वजा होते, तर दुसऱ्या प्रकारात ती बांधणाऱ्याच्या ताळेबंदात जमा होते. बाजारात घरे रिकामी पडली असतील, तर स्पर्धेमुळे तो तिच्यातील काही वाटा ग्राहकाला देईल. मागणी जोरात असेल, तर जमिनीचा मालकच भाव चढवून ती आपल्याकडे ओढून घेईल. हिंजवडीलगतच्या पट्ट्यात मागणी कशी आहे, हे श्रोत्यांस सांगावयास नकोच.

घर घेणाऱ्यालाही सवलती होत्या. गृहकर्जाच्या व्याजापैकी २ लाखांपर्यंतची रक्कम उत्पन्नातून वजा करता येई. आणि १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर कर्जांवर, घर ४५ लाखांच्या आतले व घेणाऱ्याचे पहिलेच असल्यास, आणखी दीड लाखाची वजावट मिळे. ऐकावयास ही योजना उदार वाटते. पण वर उल्लेखिलेल्या आपल्या कामगाराचे वार्षिक उत्पन्न २ लाख ४० हजार. त्या वेळी अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नव्हता. ज्याला कर लागत नाही, त्याला करातील सवलतीचा उपयोग शून्य. जो शेकडा ३० दराने कर भरतो, त्याचे साडेतीन लाखांच्या वजावटीमागे लाखाहून अधिक रुपये वाचतात. म्हणजे उत्पन्न जितके मोठे तितकी मदत मोठी, आणि ज्याची गरज सर्वांत तीव्र त्याला काहीच नाही. करमाफीच्या मार्गातील मूळ दोष तो हा. त्याला कोणा अधिकाऱ्याची वाईट बुद्धी कारण नाही. तो त्या साधनाच्या घडणीतच आहे.

या दोषावर काही उपाय आहे काय? अमेरिकेने १९८६ साली आपल्या करसुधारणा कायद्यात एक निराळी युक्ती योजली. तेथे सवलत उत्पन्नातून वजा होत नाही, तर देय करातूनच थेट वजा होते. तिला टॅक्स क्रेडिट म्हणतात. केंद्र सरकार प्रत्येक राज्याला लोकसंख्येच्या मानाने अशा क्रेडिटचा वाटा देते. राज्याची गृहनिर्माण संस्था अर्ज मागवून, त्यांत तुलना करून, निवडक प्रकल्पांना तो वाटते. बांधणाऱ्याचा स्वतःचा कर बहुधा तेवढा नसतो. म्हणून तो एखाद्या बँकेला प्रकल्पात भागीदार करून घेतो. बँक आरंभीच रोख भांडवल देते व पुढील दहा वर्षे आपल्या करातून क्रेडिट वजा करीत राहते. अशा रीतीने भांडवल हाती आल्यामुळे कर्ज कमी काढावे लागते. कर्ज कमी म्हणून व्याज कमी. आणि व्याज कमी म्हणून भाडे कमी ठेवूनही तोटा येत नाही.

याच्या मोबदल्यात अट कडक आहे. किमान २० टक्के घरे त्या भागातील मध्यम उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत, किंवा किमान ४० टक्के घरे ६० टक्क्यांपर्यंत, मिळकत असलेल्या कुटुंबांनाच दिली पाहिजेत. भाडे त्या उत्पन्नमर्यादेच्या शेकडा ३० च्या वर जाता कामा नये. आणि हे बंधन सामान्यतः तीस वर्षे चालते. पहिल्या पंधरा वर्षांत अट मोडली, तर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करण्याची पाळी येते. यामुळे सरकारी निरीक्षकाइतकेच बारीक लक्ष ती बँक स्वतः ठेवते. आजवर तीस लाखांहून अधिक घरे या पद्धतीने बांधली किंवा दुरुस्त केली गेली, आणि त्यांत लहान शहरांतील पुष्कळ आहेत. या पद्धतीलाही दोष आहेतच. वकील, दलाल व हिशेबनीस यांच्या मेहनतान्यात बराच पैसा जातो. अगदी गरीब कुटुंबांना याखेरीज भाड्याची वेगळी मदत लागते. आणि मुदत संपली की तीच घरे बाजारभावाने जाण्याचा धोका असतो. तथापि आपल्या करमाफीत जे दोन प्रश्न विचारलेच गेले नाहीत, म्हणजे घरात कोण राहणार व किती काळ स्वस्तात राहणार, ते तेथे कराराच्या पहिल्या पानावर आहेत.

आपल्याकडे या प्रश्नांची उत्तरे करातून न देता अनुदानातून देण्याचा यत्न झाला. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत केंद्राच्या दीड लाखांबरोबर राज्य सरकार एक लाख देत असे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने या योजनेखाली चऱ्होली, बोऱ्हाडेवाडी, रावेत, आकुर्डी व पिंपरी येथे प्रकल्प हाती घेतले. दुर्बल घटकांसाठी घर ३० चौरस मीटरांपर्यंत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत, आणि वाटप सोडतीने. १ ऑगस्ट २०२३ रोजी पुण्यात झालेल्या समारंभात महापालिकेने बांधलेल्या १,२८० हून अधिक घरांचा ताबा देण्यात आला. ज्यांना ही घरे मिळाली त्यांच्या आयुष्यात केवढा पालट झाला असेल, हे सांगावयास नको. परंतु सतरा लाखांवर वस्तीच्या नगरात हा आकडा सोडतीपुरताच आहे.

याच योजनेत व्याजाच्या अनुदानाचा एक भाग होता. ६ लाखांपर्यंतच्या कर्जावर शेकडा साडेसहा व्याजाइतके अनुदान एकरकमी काढून ते कर्जाच्या मुद्दलातून वजा केले जाई. त्याची कमाल रक्कम सुमारे २ लाख ६७ हजार. नऊ टक्के दराने ६ लाखांच्या कर्जाचा महिन्याचा हप्ता सुमारे ५,४०० रुपये येतो, तो यामुळे सुमारे ३,००० वर उतरे. कर न भरणाऱ्यालाही हे अनुदान मिळे, म्हणून ते करमाफीपेक्षा अधिक न्याय्य होते. ते ३१ मार्च २०२२ रोजी बंद झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ते वेगळ्या स्वरूपात पुन्हा आले असून, १ लाख ८० हजारांपर्यंतची रक्कम पाच वार्षिक हप्त्यांत देण्याची तरतूद आहे. पण याही मदतीला बँकेच्या दारातून जावे लागते. ज्याचे वेतन रोखीने मिळते, ज्याचा कंत्राटदार दर अकरा महिन्यांनी बदलतो, किंवा ज्याच्या गुंठ्याचा सातबारा त्याच्या नावावर नाही, त्याला बँक कर्ज देत नाही; आणि कर्ज नाही तेथे अनुदानही नाही.

तिसरा प्रयोग राज्य सरकारचा. २०१३ साली असा नियम झाला, की दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधणाऱ्याने वीस टक्के क्षेत्र दुर्बल व अल्प उत्पन्न गटांच्या लहान घरांसाठी द्यावे. म्हाडा सोडत काढून ती घरे सरकारी सूत्राने ठरलेल्या किमतीस देते, आणि बांधणाऱ्याला त्या बदल्यात तेवढे चटईक्षेत्र जादा मिळते. याचा मोठा गुण असा, की स्वस्त घर गावाबाहेर न ढकलता इतर वस्तीतच येते. दोष असा, की भूखंडाचे तुकडे पाडले म्हणजे नियम चुकविता येतो. नाशिकमधील अशा तक्रारी २०२२ साली विधान परिषदेपर्यंत गेल्या होत्या.

या सर्व योजनांत एक माणूस मात्र जवळजवळ कोठेच दिसत नाही, आणि तो म्हणजे भाडोत्री. थेरगावच्या गल्लीत दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाला घर विकत घ्यावयाचे नसते. निदान आज तरी नसते. त्याला हवे असते कामापासून जवळ, पाणी व शौचालयाची सोय असलेले आणि दर वर्षी उठावे न लागणारे बिऱ्हाड. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांनी भाडे देता न आल्यामुळे गावची वाट धरली, त्यांची दैना पाहून त्या वर्षीच्या जुलैत केंद्र सरकारने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली खरी. पण करांच्या सवलतींचा ओघ अद्याप मालकीच्या घराकडेच राहिला आहे. किंबहुना बँकांनी, महामंडळांनी व मोठ्या बांधणाऱ्यांनी जी जागा रिकामी सोडली, ती गुंठ्यावर दोन मजले चढवून चार खोल्या भाड्याने देणाऱ्या लहान घरमालकाने भरून काढली आहे. त्याला आपण आजवर केवळ कायदा मोडणारा म्हणून ओळखले.

मला असे वाटते, की करमाफीचे साधन टाकून देण्याचे कारण नाही. ते योग्य ठिकाणी लावले पाहिजे. जेथे जमीन आरक्षणातून मोकळी करता येण्यासारखी आहे, तेथे गुंठेवारीचा निकाल त्वरेने लागावा, म्हणजे घरमालकास बँकेचे कर्ज व सरकारचे अनुदान दोन्ही घेता येतील. ज्या लहान घरमालकाने आपल्या खोल्यांना हवा, उजेड, पाणी व शौचालय यांची किमान सोय केली, आणि लेखी करार करून ठरावीक भाड्याने त्या काही वर्षे देण्याचे पत्करले, त्याला महानगरपालिकेने मालमत्ताकरात तेवढ्या वर्षांपुरती सूट द्यावी. अट मोडली तर सूट परत घ्यावी. यात नवी संस्था लागत नाही, दलाल लागत नाही. करवसुलीचे जे बिल घरोघरी जाते, त्याच बिलावर हा हिशेब मांडता येईल. शास्तीकराच्या काळात त्याच बिलाने दंड मोजला होता. तेव्हा सवलत मोजण्यास ते असमर्थ ठरेल, असे म्हणता येत नाही. यामुळे महापालिकेचे उत्पन्न काही अंशी घटेल, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ही सूट अंदाजपत्रकात खर्च म्हणून उघड लिहावी, आणि तिच्यामुळे किती बिऱ्हाडांचे भाडे किती काळ स्थिर राहिले, ते दर वर्षी प्रसिद्ध करावे.

पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण जून २०२१ मध्ये विसर्जित झाले. त्याचा विकसित भाग महानगरपालिकेकडे व मोकळ्या जमिनी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेल्या. ज्या कामासाठी ते १९७२ साली निघाले होते ते काम आता या दोन संस्थांच्या शिरावर आहे, आणि मोकळी जमीन पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी आहे. यापुढे घरांसाठी एखादी सवलत जाहीर झाली, मग ती प्राप्तिकराची असो, चटईक्षेत्राची असो की मालमत्ताकराची असो, तिच्याविषयी नागरिकांनी तीन प्रश्न अवश्य विचारावे: ही सवलत शेवटी कोणाच्या हाती पडणार? तिच्यामुळे घर किती वर्षे स्वस्त राहणार? आणि अट मोडल्यास ती परत कोण घेणार? थेरगावच्या भाडोत्र्याला त्या सवलतीचे कलम कोणते, हे ठाऊक असण्याची गरज नाही. पुढच्या वर्षी त्याचे भाडे वाढले नाही आणि मुलाला शाळा बदलावी लागली नाही, म्हणजे त्या सवलतीचा उपयोग झाला असे समजावे.